झाकणावर विस्तव

भांडं विकत घेताना आई ते आधी वाजवून बघायची. बोटाच्या पेराने एक टिचकी, कान जवळ नेऊन. मग काठावरून बोट फिरवायचं, बुडाखाली तळवा लावायचा आणि शेवटी दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरायचं. "रिकामं उचलवत नाही, ते भरलेलं काय उचलणार," असं म्हणून तिने परत ठेवलेली भांडी मी पुष्कळ पाहिली आहेत. दुकानदारांना वाटायचं, बाई भाव पाडायला बघते आहे. तिला खरोखर वजनच बघायचं असायचं.

ही गोष्ट चोपन्न-पंचावन्न सालची. आम्ही दोघी तेव्हा अंधेरीला, मरोळच्या रस्त्याकडे, एका बैठ्या घराच्या अर्ध्या भागात राहत होतो. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. मी चौतीस वर्षांची, शाळेत शिकवणारी, लग्न न केलेली आणि त्याबद्दल कुणी विचारलेलं न आवडणारी. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान भाऊ इंग्लंडात. यंत्रांचं शिक्षण घ्यायला दोन वर्षांसाठी म्हणून गेला, त्याला चार वर्षं झाली होती. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. तो पिकल्याशिवाय डॉक्टर हात लावत नसत. तिला माणूस दिसे, चेहरा दिसत नसे, आणि अक्षर तर नाहीच. भावाची पत्रं मी वाचून दाखवायची.

भांड्याची गरज निघाली ती भानोल्यामुळे. आमच्यात कोबी बारीक चिरून त्यात सोललेली कोलंबी, डाळीचं पीठ, नारळाचं दूध, आलं-लसूण आणि हिरवी मिरची कालवतात आणि जाड बुडाच्या भांड्यात वर-खाली विस्तव ठेवून भाजतात. खाली शेगडी, वर झाकणावर निखारे. कडा खरपूस, आत मऊ. गार झालं की सुरीने वड्या पाडायच्या. भावाला हा पदार्थ इतका आवडे की तो होईपर्यंत त्याला दम निघत नसे. आई पाठमोरी झाली की चिमट्याने झाकण उचलायचा, राख आत पडायची, मार बसायचा.

ज्या तांब्याच्या पसरट लंगडीत आईने तीस वर्षं भानोलं केलं, ती त्या पावसाळ्यानंतर कल्हईवाल्याने उन्हाकडे धरून दाखवली. बुडातून टाचणीएवढा उजेड येत होता.

"आता हिला सोडा, आई," तो म्हणाला. "आणखी एकदा घासली तर चाळणीच होईल."

मी म्हटलं, ॲल्युमिनियमचं घेऊ, हलकं असतं. आई म्हणाली, "त्यात तू चहा कर." साधं बिडाचं घ्यावं तर चिंच-कोकम घातलं की रस्सा काळा पडतो, आणि पावसाळ्यात गंज. भानोल्याला चालेल, पण एका पदार्थासाठी एक भांडं ठेवायला आमच्याकडे फळी नव्हती. अशा खलात महिना गेला. मग आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी तोडगा काढला. त्या वांद्र्याच्या गावठाणातल्या, ख्रिस्ती, बोलायला एकदम सडेतोड.

"अहो, आमच्या तिथं टेकडीवर एक मडम राहते. ती चालली बोटीने, कायमची. घरचं सगळं विकतेय. तिच्याकडे बिडाची भांडी आहेत, झाकणासकट, आणि वरून एनॅमल. टमरेलावर असतं ना, तसं, पण जाड. आंबट घाला, काय वाटेल ते घाला. कल्हई नको, गंज नको. तुमच्या आईंना घेऊन या. आणि लवकर या, नाहीतर आमच्यातलीच कुणीतरी उचलेल."

आईला हे सांगितल्यावर ती लगेच म्हणाली, "जाऊ या. थंडीत तो यायचा, त्याच्या आत हाताला बसायला हवं."

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. भाऊ थंडीत येणार नव्हता. श्रावणात त्याचं पत्र आलं होतं. पहिल्या बाजूला हवापाणी, सर्दी, मोजे. पान उलटल्यावर लिहिलं होतं की नोकरी कायम झाली, एक लहानसं घर घेतो आहे आणि परत येऊन राहण्याचा विचार आता सोडला आहे, आईला जपून सांग. तो मजकूर आणि त्याच्या खालचा सगळा मी गाळला. "बाकी सर्व ठीक," असं मनाचंच म्हणून पत्राची घडी घातली. कारण काही मोठं नव्हतं. दिवेलागण झाली होती, भात टाकायचा होता, वह्यांचा ढीग होता आणि मला रडारड नको होती. रविवारी सांगू म्हटलं. रविवार बरेच आले. एकदा कात्री लावल्यावर पुढच्या दोन पत्रांनाही लावावी लागली, कारण त्यांत त्या घराचा उल्लेख होता, आणि आई सांगेल ती उत्तरं मीच लिहायची, त्यांतलं तिचं 'कधी निघतोस' हेही.

इकडे आई त्याच्या आदल्या वर्षीच्या एका वाक्यावर उभी होती. "पुढच्या हिवाळ्यात जमलं तर येतो," असं त्याने लिहिलं होतं. "जमलं तर" तिने केव्हाच टाकून दिलं होतं, आणि हिवाळ्याचा नाताळ केला होता. गाळण्याची सवय आमच्या घरात मी एकटीच लावून घेतली नव्हती.

मलाही तो हवा होता, हे लिहून टाकते म्हणजे झालं. तो गेल्यापासून घरात मोठ्याने भांडायला कुणी नव्हतं. आम्ही दोघी कुरबुर करायचो, ते वेगळं. दार आपटून बाहेर जाणारं आणि पाच मिनिटांनी "काय केलंयस खायला" म्हणून परत येणारं माणूस घरात नसलं की संध्याकाळ फार लांबते. चार वर्षांत ते माझ्या अंगवळणी पडलं नव्हतं.

मडमच्या घरात गालिचे गुंडाळून झाले होते. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन राहिले होते. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर दोन भांडी मांडली होती. एक गोल, तीन-चार माणसांपुरतं, साईच्या रंगाचं. दुसरं लांबट, निळं, त्यात अख्खी कोंबडी सहज बसली असती. दोन्ही आतून पांढरी, दह्याच्या कवडीसारखी.

आईने टिचकी मारली. "बोलत नाही हे," ती म्हणाली. तांब्याचा नाद असतो तसा त्याला नव्हता. मग काठावर बोट फिरवलं, आतून तळहात फिरवला, आणि तो बराच वेळ आतच ठेवला. आवडलं होतं.

मडम तिच्या स्वयंपाकघरातल्या हिंदीत म्हणाली, "बहुत अच्छा बर्तन. हमारा तीन बच्चा इसमें खाया."

"बच्चा लोग किधर?" आईने विचारलं.

"विलायत. सब विलायत. अभी हम भी जाता."

आई माझ्याकडे वळली. "म्हणजे ही मुलांकडे चालली."

"हो."

"बरं आहे हिचं."

मडमने मग इंग्रजीत मला दोन गोष्टी बजावल्या. विस्तव मंद ठेवायचा. आणि तापलेल्या भांड्याला गार पाणी लावायचं नाही, एनॅमल फुटतं. मी विचारलं, झाकणावर निखारे ठेवले तर? तिने असे डोळे केले की जणू मी टोपीवर चूल पेटवायची म्हटलं. नाही, कधीच नाही.

मी आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्या दिवशी तरी काही गाळलं नाही.

"हिला काय कळतंय," आई म्हणाली. "लोखंडाला विस्तव चालत नाही, तर काय चांदणं चालतं?"

"लोखंडाला चालतं. वरच्या मुलाम्याला नाही."

"बघू." आणि तिने निळं भांडं दोन्ही हातांनी उचललं. तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. पोटापर्यंत काही ते आलं नाही, ओट्यावरून चार बोटं वर आलं आणि धपकन खाली बसलं. "हेच घेऊ."

"आई, तुला उचलवत नाही. रिकामंसुद्धा."

"तू उचलशील."

"गोल घेऊ. आपल्याला पुरतं."

"आपण किती?"

"दोघी."

"आणि तो?"

मी म्हटलं, "लांबट भांडं गोल शेगडीवर बसत नाही. मधे जळेल आणि दोन्ही टोकं कच्ची राहतील."

"कच्ची टोकं तू खा," आई म्हणाली. "त्याचं लग्न होईल, बायको येईल, पोरं होतील. तेव्हा काय परत इंग्लंडला माणूस पाठवायचं भांड्यासाठी?"

शिवणाच्या बाई खिडकीपाशी उभ्या होत्या, त्या हसल्या. मडमला काही कळलं नाही, पण तीही हसली. मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. परक्या बाईच्या रिकाम्या स्वयंपाकघरात, दोन तिऱ्हाईत बायकांसमोर ते जमलं नाही. मी निळं भांडं घेतलं.

बसमध्ये कंडक्टरने लगेजचं तिकीट मागितलं. जुन्या लुगड्यात बांधलेलं ते बोचकं आईने मांडीवर घेतलं होतं, आणि ती द्यायला तयार नव्हती.

"मांडीवरच्याला कसलं तिकीट?"

"आजी, मांडीवरचं पोर असं असतं होय? उद्या मिशा फुटतील त्याला."

"फुटल्या की मग घे तिकीट."

गाडीतली माणसं आमच्याकडे बघायला लागली. मी गुपचूप तिकीट घेतलं. अंधेरीला उतरल्यावर घरापर्यंत ते मी वाहिलं. दोन दिवस दंड दुखत होते.

भांडं उत्तम होतं, हे कबूल करायला हवं. आमटी केली तरी तळाला लागायची नाही. मटण मंद विस्तवावर ठेवून मी आंघोळ करून, वेणी घालून यायची, तरी हालहवाल विचारावी लागायची नाही. चिंचेने काही झालं नाही, कोकमाने काही झालं नाही. फक्त सगळंच कमी दिसायचं त्यात. दोघींची आमटी तळाशी अशी पडून असायची की कुणीतरी आधी जेवून गेल्यासारखं वाटे. म्हणून आई जास्तच करायची, मग मी शेजारी वाटत फिरायची.

भानोलं मात्र जमेना. पहिल्यांदा दोघींपुरतं केलं, ते तळाशी पापडासारखं पसरलं आणि करपलं. दुसऱ्यांदा पुरतं भरून केलं, विस्तव फक्त खाली. बूड भाजलं, वर पीठ ओलंच. आई म्हणाली, "वर विस्तव हवा." मी म्हटलं, नको. ती म्हणाली, "मग हे काय मी त्याला चमच्याने भरवू?"

मार्गशीर्षातल्या एका रविवारी वेसाव्याची कोळीण चांगली कोलंबी देऊन गेली. आईने सकाळपासून घाट घातला होता. तो यायच्या आधी एकदा तरी नीट व्हायला हवं, असं तिचं चाललं होतं. मी नहाणीघरात केस धूत होते. बाहेर आले तेव्हा स्वयंपाकघरातून खरपूस वास येत होता, अगदी पूर्वीचा. मी तशीच ओल्या केसांनी दारात उभी राहिले. झाकणावर निखाऱ्यांचा थर लालभडक फुलला होता आणि आई पाटावर बसून हवेला कान दिल्यासारखी वास घेत होती.

"झालं बघ," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका खुलला होता की मी रागवायची राहिले.

आणि मग तिने जन्मभर केलं तेच केलं. आमच्याकडे भाजून झालं की झाकणावरचे निखारे तिथेच पाण्याचा हबका मारून विझवतात, म्हणजे कोळसा उरतो आणि दुसऱ्या दिवशी शेगडीला होतो. तांब्याच्या लंगडीला त्याने कधी काही झालं नव्हतं. मी "आई!" म्हणेपर्यंत तिने ओंजळ मारली होती.

आवाज लाह्या फुटाव्यात तसा झाला. निळे कपचे उडाले, एक माझ्या पायाशी येऊन पडला. झाकणाच्या मधोमध हाताएवढं काळं बीड उघडं पडलं. मी फडक्याने झाकण बाजूला केलं. आतली पांढरी बाजूही तडकली होती, आणि भानोल्यावर काचेसारखे बारीक तुकडे पडले होते. अर्धा शेर कोलंबी, नारळाचं दूध, सगळं टाकून द्यायचं.

"काय झालं? काय फुटलं?" आई हात पुढे करून चाचपत होती. मी तिचे हात मागे ओढले, कापतील म्हणून.

"झाकण फुटलं. सांगितलं होतं ना त्या बाईने. सांगितलं होतं मी."

"आणि आतलं?"

"आतलं टाकायचं."

आई पाटावर परत बसली. "आता तो आला म्हणजे कशात करू?" ती म्हणाली. "पंधरा-वीस दिवस राहिले. आता कशात करू गं?" तिने हे तीन-चारदा म्हटलं. माझ्या पाठीवरून केसांचं पाणी गळत होतं, पायाखाली कपचे होते.

"येत नाहीये तो," मी म्हटलं. "तिथेच राहणार आहे. घर घेतलंय त्याने. तेव्हा झाकण फुटलं काय आणि राहिलं काय, सारखंच आहे."

जपून सांग, असं त्याने लिहिलं होतं.

आई रडली नाही. शेगडीकडे तोंड करून बसून राहिली. मी केरसुणी आणली आणि कपचे गोळा करायला लागले. काहीतरी करायला हवं होतं.

"पत्र कधी आलं?"

"श्रावणात."

"श्रावणात." तिने बोटांवर महिने मोजले. "आण ते. सगळं वाच."

मी केस पुसले, पत्र आणलं आणि पहिल्या शब्दापासून वाचलं. हवापाणी, सर्दी, मोजे. नोकरी. घर. "विचार सोडला आहे," हेही वाचलं, आवाज न बदलता. आईने "हं" म्हटलं. तिथे मी थांबले.

"संपलं?"

"नाही."

"मग?"

त्याच्या खाली आणखी सहा-सात ओळी होत्या. मी वाचल्या. त्याने लिहिलं होतं की नव्या घरात गॅसवर चालणारी भट्टी आहे, चारी बाजूंनी सारखी तापते. आईला विचार, तिच्यात भानोलं होईल का? पीठ किती घालायचं, किती वेळ ठेवायचं, सगळं नीट लिहून पाठव. इथे कोबी मिळतो. गोठवलेली कोलंबी मिळते. मला फार खावंसं वाटतं.

त्या ओळी गाळताना मला त्या बिनमहत्त्वाच्या वाटल्या होत्या. घराचं सांगायचं नाही तर भट्टीचं कसं सांगणार, एवढाच माझा हिशेब.

आई उठून उभी राहिली. मला वाटलं, आता मारते. लहानपणानंतर पहिल्यांदा मला तसं वाटलं.

"म्हणजे चार महिने तो उत्तराची वाट बघतोय," ती म्हणाली. "आणि त्याला वाटत असेल, आई रागावली."

पुढच्या दोन पत्रांत त्याने ते परत विचारलं नव्हतं. एकदा उत्तर आलं नाही की तो दुसऱ्यांदा विचारणाऱ्यातला नव्हता.

"कागद घे."

"आई, आधी हे सगळं आवरू दे."

"कागद घे म्हटलं ना."

मी ओट्याशी उभी राहूनच लिहायला घेतलं. आई सांगू लागली. कोबी बारीक चीर, किसू नकोस, पाणी सुटतं. कोलंबीचा काळा दोरा काढ, आळस करू नकोस. पीठ दोन मुठी. 

"मुठी लिहून त्याला काय कळणार?" मी म्हटलं. "माप सांग."

"मूठ हे माप नाही?"

मी डबा आणि चहाचा कप पुढे ठेवला. तिने दोन मुठी पीठ घेऊन कपात सोडलं, असं तीनदा. प्रत्येक वेळी कप वेगवेगळा भरला. मी मधलं धरलं.

"कप म्हणजे केवढा लिहिलास? त्याच्याकडचा कप केवढा आहे?"

मला माहीत नव्हतं. तो कशातून चहा पितो, कुणाबरोबर पितो, त्या स्वयंपाकघराला खिडकी आहे की नाही, यातलं काही मला माहीत नव्हतं. पत्रातला जो भाग तिच्यापासून लपवायचा म्हणून घाईने नजरेखालून घातला होता, तो मीही कधी वाचला नव्हता म्हणायला हरकत नाही.

"लिही, वरून जास्त आणि खालून कमी विस्तव. तसं होत नसेल तर खालच्या बाजूला पाण्याची ताटली ठेव म्हणावं. आणि सारखं उघडून बघू नको म्हणावं."

हे ती हसून म्हणाली, आणि मग तिला पदर डोळ्यांना लावावा लागला. मी लिहीत राहिले. कागद भरत आला होता.

"किती वेळ ठेवायचं ते राहिलं," मी म्हटलं.

"ते मला कसं कळणार? त्या भट्टीला मी कुठे हात लावलाय?" तिने थोडा विचार केला. "लिही, पहिल्यांदा बिघडेल."

"आणि पुढे?"

"पुढे काही नको. बिघडलं की विचारेल तो. विचारायला पत्र टाकेल."